नाव काय म्हणालात? : प्रस्तावना

झाशीच्या जुन्या शहरात दुकानदाराला गिऱ्हाइकाचं नाव मुद्दाम लक्षात ठेवावं लागत नाही. माणिक चौकात किंवा बडा बाजारात येणारं गिऱ्हाईक आजोबा-पणजोबांपासूनचं असतं. त्याचं घर कुठल्या गल्लीत, कोणाची मुलगी कुठे दिली, कोणत्या भावाचं कोणाशी वाजलं, हे दुकानाच्या गादीबरोबर वारशानेच मिळतं. सदर बाजारात ही सोय नाही. तो छावणीचा बाजार. तिथलं गिऱ्हाईक म्हणजे दोन-तीन वर्षांच्या बोलीवर आलेला फौजी, त्याची बायको, शाळेत जाणारी मुलं. ओळख जरा मुरते न मुरते तोच ट्रंका बांधल्या जातात आणि त्याच क्वार्टरमध्ये नवं कुटुंब येतं. रेल्वेवाल्यांचंही बरंचसं असंच. इतक्या नेमाने माणसं बदलत असताना तिथले काही दुकानदार कितीतरी वर्षांनी परत आलेल्या बाईला पायरीवरच ओळखतात आणि विचारतात, "भाभीजी, छोटा वाला अब कौन-सी में पढ़ता है?" हे त्यांना जमतं कसं, या कुतूहलातून हे पुस्तक निघालं.

बाजाराचा इतिहास पाहिला की हे कौशल्य तिथे का वाढलं असावं याचा थोडा अंदाज येतो. ३ एप्रिल १८५८ रोजी इंग्रज सेनापती सर ह्यू रोझच्या फौजा तट चढून झाशीत शिरल्या. पुढे १८६१ मध्ये इंग्रजांनी शहर शिंद्यांच्या हवाली केलं आणि १८८६ मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला परत देऊन ते पुन्हा स्वतःकडे घेतलं. म्हणजे पंचवीस वर्षं शहर एका सरकारचं आणि शेजारची छावणी दुसऱ्याची. शहराचं नातंगोतं छावणीत उपयोगाचं नव्हतं. तिथे आलेली पलटण हेच गाव, आणि ती निघून गेली की दुसरी. मग रेल्वे आली. इंडियन मिडलँड रेल्वेचा कारभार १९०० साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेकडे, म्हणजे मुंबईकडे गेला. १९५१ मध्ये मध्य रेल्वे झाली तेव्हाही झाशी मुंबईच्याच अखत्यारीत राहिली. २००३ मध्ये ती उत्तर मध्य रेल्वेत गेली तोवर भुसावळ, नागपूर आणि झाशी या एकाच रेल्वेतल्या बदल्या होत्या. त्यामुळे सदर बाजारात आणि सीपरी बाजारात 'शेंगदाण्याचं कूट' आणि 'साबुदाणा' मागणाऱ्या बायका दुकानदारांना नव्या नव्हत्या. झाशीवर राज्य करणाऱ्या नेवाळकरांच्या काळापासून इथे राहिलेली, बुंदेलीत भांडणारी आणि मराठीत देवपूजा करणारी घरं होती ती निराळीच. त्यांना शहर 'दक्षिणी' म्हणून ओळखायचं.

या बाजारातल्या एका शिंप्याची वही मला पाहायला मिळाली. गृहस्थ फौजी वर्दी शिवतात. वर्दीवर उजव्या खिशाच्या वर नावाची पट्टी असते, तेव्हा गिऱ्हाइकाचं नाव लक्षात ठेवायचा प्रश्नच येत नाही असं मी म्हटलं. ते म्हणाले, "मुश्किल तो इतवार को होती है।" रविवारी तोच माणूस टीशर्ट घालून मुलाला जिलबी खायला घेऊन येतो, चेहरा तोच, पण छातीवरचं नाव गेलेलं असतं. वहीत नाव, पलटण आणि मापं हे रकाने होते. त्यांच्या बाजूला मात्र बारीक अक्षरात वेगळाच मजकूर होता: 'बायाँ कंधा नीचा', 'खड़े-खड़े घड़ी देखते हैं', 'नासिक वाले, मेमसाब टीचर'. गिऱ्हाईक पायरी चढतं तेव्हा त्यांना पहिल्यांदा खांदा आठवतो. मग पलटण, मग गाव. "नाम तो सबसे आख़िर में आता है।" तुमचं नाव पुस्तकात घालू का, असं विचारल्यावर ते हसले. पाटीवर वडिलांचं नाव आहे आणि सगळे त्यांना त्याच नावाने हाक मारतात, तेव्हा तेच चालू दे म्हणाले. इतकी वर्षं इतक्या लोकांची मापं घेतली, पण वडिलांच्या नावाला ओ देणाऱ्या या माणसाला स्वतःचं नाव विचारणारे फार थोडे भेटले असावेत.

मला या पुस्तकात जे सांगायचं आहे ते तिथूनच सुरू होतं. नाव आणि चेहरा लक्षात ठेवणं ही गरजवंताची विद्या आहे. ज्याचं पोट समोरच्यावर अवलंबून आहे तो लक्षात ठेवतो. ज्याचं अवलंबून नाही त्याचं 'भाजीवाला', 'वॉचमन', 'मावशी' एवढ्यावर भागतं. "माझी नावांची मेमरी फार वाईट आहे हो," असं कौतुकाने सांगणाऱ्या माणसाला आपल्या साहेबांचं, साहेबांच्या बायकोचं आणि बऱ्याचदा त्यांच्या कुत्र्याचंही नाव बिनचूक ठाऊक असतं. स्मरणशक्तीवर जी पुस्तकं निघतात त्यांतली बहुतेक या गोष्टीकडे काणाडोळा करतात. त्यांच्या लेखी नाव हे विक्रीचं हत्यार. डेल कार्नेगींच्या १९३६ च्या पुस्तकापासून ही परंपरा चालत आली आहे. महाराष्ट्रात शरद पवारांच्या स्मरणशक्तीच्या कथा सांगताना लोक जे कौतुक करतात त्यातही हाच भाव असतो: एवढा मोठा माणूस, आणि तालुक्याच्या कार्यकर्त्याला नावाने हाक मारतो! कौतुक योग्यच आहे. पण तालुक्याच्या कार्यकर्त्यालाही शेकडो नावं पाठ असतात, याचं कौतुक कोणी करत नाही.

झाशीत मराठी माणसाने नावं आणि चेहरे कसे जपले याचा सर्वांत मोठा पुरावा एका गरजवंतानेच लिहून ठेवला आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे. पेण तालुक्यातल्या या गावचा भिक्षुक, घरावर कर्ज. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आणि दक्षिणा भरपूर मिळणार, असं ऐकून १८५७ मध्ये काका रामभटांबरोबर तो उत्तरेकडे निघाला. वाटेत महूपाशी बंडाची वार्ता समोर आली. पुढे नशिबाने त्याला झाशीला नेलं, आणि झाशीचा वेढा, शहराचा पाडाव, लूट, कत्तल हे सगळं त्याने डोळ्यांनी पाहिलं. मिळवलेली दक्षिणा लुटली गेली. घरी परतला तेव्हा खांद्यावर आईवडिलांसाठी आणलेल्या गंगोदकाची कावड होती. हे सारं त्याने कागदावर उतरवलं ते १८८३ मध्ये, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून, म्हणजे घडून गेल्यावर सुमारे पंचवीस वर्षांनी. लेखकाच्या मृत्यूनंतर १९०७ मध्ये वैद्यांनी 'माझा प्रवास' छापला; त्यांनी केलेले फेरफार काढून मूळ पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये आणला.

इतिहासकार या पुस्तकात तारखा आणि घटना तपासतात, आणि तारखांत चुका सापडतात. मी ते वेगळ्या कारणाने पुन्हा वाचलं. पंचवीस वर्षांनी माणसाला कोण आठवतं? गोडशांना दरबार आठवतो, राणीच्या दिनक्रमातले बारकावे आठवतात, तिचा पोशाख, महालक्ष्मीच्या देवळात जाण्याची तिची रीत, कुठे किती दक्षिणा मिळाली ते सगळं आठवतं. जळालेल्या ग्रंथालयाबद्दलची त्यांची हळहळ वाचताना तर वाटतं की पोथ्यांचेही चेहरे त्यांच्या ध्यानात असावेत. भिक्षुकाचा धंदाच असा की यजमान कोण, त्याचं गोत्र काय, घरात कोण वारलं, कोणाची मुंज व्हायची आहे, हे डोक्यात ठेवल्याशिवाय दिवस ढळत नाही. संकल्प सांगताना नाव आणि गोत्र चुकलं तर दक्षिणा कमी आणि शोभा जास्त. लहानपणापासून ज्या कामासाठी स्मरण राबवलं तेच स्मरण युद्धाच्या धामधुमीत आपोआप चालू राहिलं.

त्यातला काल्पीच्या वाटेवरचा विहिरीपाशी घडलेला प्रसंग अनेकांना ठाऊक असतो. पराभवानंतर धुळीने माखलेली, तहानलेली राणी भेटते. गोडसे पाणी काढून द्यायला पुढे होतात आणि ती त्यांना थांबवते: विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढू नये. स्वतःच काढते आणि ओंजळीने पिते. घोड्यावरून उतरलेली, सगळं हरलेली बाई समोरच्या माणसाकडे पाहून पहिल्यांदा 'हा कोण' हे नेमकं जाणते आणि त्याला साजेसं वागते. नावाची गरज तिथे पडतच नाही. मानसशास्त्रात पुढे जे सांगितलं गेलं ते मला या प्रसंगात फार स्पष्ट दिसतं; त्याकडे येतोच.

त्याआधी त्याच युद्धातली उलटी बाजू. मंगल पांडेच्या नावावरून इंग्रज सोल्जरांनी सगळ्या बंडवाल्यांना एकच नाव दिलं होतं: पँडी. हिंदू, मुसलमान, अवधचा, बुंदेलखंडचा, सगळे पँडी. इकडच्यांच्या तोंडी ते सगळे 'गोरे'. ज्याला मारायचं त्याचं नाव आणि चेहरा आधी पुसून टाकलेला बरा असतो. यामागे एक साधी गोष्टही आहे. १९६९ मध्ये माल्पास आणि क्रॅव्हिट्झ या दोघांनी अमेरिकेत दाखवून दिलं की आपल्या वंशाच्या लोकांचे चेहरे आपण जास्त नीट ओळखतो आणि परक्यांचे सरसकट एकसारखे वाटतात. याचं कारण बरंचसं सवयीत आहे. ज्या चेहऱ्यांत माणूस वाढतो त्यांतले भेद टिपायला डोळा शिकतो. सदर बाजारात नव्याने कामाला लागलेल्या पोराला गोरखा जवान एकसारखे दिसतात आणि शीख जवान एकसारखे. वर्षभराने तोच पोरगा पाठमोऱ्या माणसाला हाक मारतो. डोळ्याला सरावाचं शिक्षण मिळालं की हे जमतं. फौजेतल्यांचा तर हा रोजचाच अनुभव आहे.

चेहऱ्याचीही एक गंमत याच गावाची आहे. झाशीच्या राणीचं नाव भारतात कोणाला ठाऊक नाही? २०२१ च्या डिसेंबरात तर स्टेशनलाच ते दिलं गेलं. पण तिचा चेहरा कसा होता? चौकाचौकातल्या पुतळ्यांवरचा चेहरा शिल्पकारांचा आहे. जॉन लँग हा ऑस्ट्रेलियात जन्मलेला वकील १८५४ मध्ये तिची बाजू मांडण्यासाठी झाशीला आला होता. बोलणं पडद्याआडून चाललं होतं. तिच्या लहानग्या दत्तक मुलाने, दामोदरने, पडदा बाजूला केला आणि लँगला ती क्षणभर दिसली. त्याने लिहिलं आहे की चेहरा गोल होता, डोळे सुंदर होते आणि आवाज मात्र कानाला फारसा गोड नव्हता. ज्याने तिला एकदाच, तेही निसटतं पाहिलं त्याच्या लक्षात आवाज राहिला, हे मला फार खरं वाटतं.

ज्यांनी पाहिलंच नव्हतं त्यांची पंचाईत झलकारीबाईच्या कथेत आहे. वृंदावनलाल वर्मांच्या १९४६ च्या कादंबरीने ती घरोघरी पोहोचवली, बुंदेलखंडात ती त्याआधीपासून सांगितली जात होती. कोरी समाजातली, राणीसारखी दिसणारी ही बाई राणीच्या वेशात इंग्रजांच्या छावणीत जाते. गोऱ्यांना राणीचा चेहरा माहीत नाही, ते फसतात. फसवणूक उघडी पडते ती झाशीच्याच एका फितुरामुळे, कारण त्याला दोन्ही चेहरे ओळखीचे आहेत. इतिहासाच्या कसोटीवर ही कथा कितपत उतरते यावर वाद आहेत. २००१ मध्ये टपाल खात्याने झलकारीबाईचं तिकीट काढलं. त्या तिकिटावरच्या चेहऱ्याबद्दलही कोणी छातीवर हात ठेवून काही सांगू शकणार नाही. राणीच्या वंशजांनी मात्र नाव टिकवण्याची वेगळी तऱ्हा शोधली. दत्तक घेताना आनंदरावाचं नाव वारलेल्या मुलावरून दामोदरराव ठेवलं गेलं. राज्य गेल्यावर तो इंदूरला राहिला, १९०६ मध्ये वारला, आणि त्याच्या घराण्याने 'झाशीवाले' हेच आडनाव धरलं. गाव सुटलं, आडनावात उरलं.

आता विज्ञानाकडे. शिंपीदादा जे म्हणाले, की नाव सर्वांत शेवटी येतं, तेच ब्रिटनमधल्या तीन मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये नोंदवलं. अँड्र्यू यंग, डेनिस हे आणि अँड्र्यू एलिस यांनी बावीस लोकांना काही आठवडे डायरी ठेवायला सांगितलं: माणूस ओळखण्यात कधी, कशी चूक झाली ते लिहा. चेहरा ओळखीचा वाटला पण कोण ते कळेना, असे प्रसंग भरपूर आले. कोण ते कळलं, कुठे भेटलो ते कळलं, नाव मात्र येईना, असेही भरपूर. पण नाव आठवलं आणि माणूस कोण हेच कळेना, असा एकही प्रसंग कोणी लिहिला नाही. पुढच्याच वर्षी व्हिकी ब्रूस आणि यंग यांनी त्यावरून पायऱ्या मांडल्या: आधी चेहरा ओळखीचा वाटतो, मग तो माणूस कोण हे समजतं, आणि त्यातून नाव निघतं. मधली पायरी गाळून नावापर्यंत पोहोचता येत नाही. रविवारी टीशर्टमध्ये आलेला हवालदार शिंप्याला चटकन ओळखू येत नाही त्याचंही कारण इथेच आहे. जागा किंवा कपडे बदलले की मधल्या पायरीवर पाय ठरत नाही. जॉर्ज मँडलरने १९८० मध्ये याच अनुभवासाठी बसमध्ये भेटलेल्या खाटकाचं उदाहरण दिलं होतं.

चेहऱ्यांच्या बाबतीत मात्र आपण सगळेच श्रीमंत असतो. यॉर्क विद्यापीठातल्या रॉब जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा सर्वसाधारण माणसाला सुमारे पाच हजार चेहरे ओळखता येतात असं निघालं. कोणाला एक हजार, कोणाला दहा हजार. हॅरी बारिक आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये ३९२ माजी विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली होती. शाळा सोडून पस्तीस वर्षं झालेल्यांनाही वर्गमित्रांचे फोटो जवळपास नव्वद टक्के ओळखता आले. फोटो पाहून आपणहून नाव सांगायचं म्हटलं की आकडा झपाट्याने खाली येत होता. तेव्हा 'चेहरा लक्षात राहतो पण नाव राहत नाही' ही तक्रार म्हणजे तुमचं वैयक्तिक दुखणं नाही. माणसाची घडणच तशी आहे.

मधली पायरी भक्कम कशी करायची, याची रीत मराठी माणसाला कोणी शिकवायला नको. नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न 'कुठले तुम्ही?' 'आम्ही देवरुखचे.' 'देवरुखचे म्हणजे शाळेत हेडमास्तर होते ते तुमचे कोण?' 'ते माझे चुलत चुलते.' 'अहो, मग आमच्या आत्याचे दीर...' इथवर आलं की नाव विसरणं जवळजवळ अशक्य होतं, कारण नावाला आता गाव, मास्तर आणि आत्या असे तीन खुंट मिळालेले असतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरचे क्षेत्रोपाध्ये नेमकी हीच वाट धरतात. आधी गाव, मग आडनाव, मग कूळ, आणि मग वही उघडून तुमच्या खापरपणजोबांची सही समोर ठेवतात. नुसतं नाव सांगून त्यांच्याकडे काही मिळत नाही. परदेशात वाढलेल्या मराठी मुलांना हा प्रश्न चौकसपणाचा, खासगी आयुष्यात नाक खुपसणारा वाटतो, हे मी पाहिलं आहे. त्यांच्या अवघडलेपणात तथ्य आहे.

कारण या प्रश्नामागे दुसरं काही दडलेलं असतं हे कोणत्याही मराठी माणसाला माहीत आहे. 'पूर्ण नाव काय?' असं पुन्हा विचारण्यात कित्येकदा आडनावावरून जात शोधायची असते. जात कळल्यावर विचारणाऱ्याचं समाधान होतं आणि माणूस तिथेच विसरला जातो. तो खुंट वापरून लक्षात ठेवलेला माणूस म्हणजे शंभर जणांमधला एक होऊन बसतो. पुन्हा पँडीच. म्हणून या पुस्तकात मी 'कुठले तुम्ही?' ऐवजी दुसरे प्रश्न सुचवले आहेत: इथे कसे आलात, हल्ली काय करता, हे काम कोणाकडून शिकलात. शिंप्याने वहीच्या कडेला लिहिलेल्या गोष्टी याच जातीच्या होत्या, आणि त्यांत कोणाचीही जात नव्हती.

यानंतर पुस्तकाच्या व्यावहारिक भागाबद्दल थोडक्यात. नाव विसरलो असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा ते ऐकलेलंच नसतं. लग्नाच्या हॉलमध्ये ओळख करून देतात तेव्हा आपलं लक्ष आपण काय बोलणार याकडे असतं. माल्कम ब्रेनरने १९७३ मध्ये गोलात बसवलेल्या लोकांकडून पाळीपाळीने शब्द वाचून घेतले. आपल्या पाळीच्या अगदी आधी काय वाचलं गेलं हेच लोकांना सर्वांत कमी आठवलं. तेव्हा पहिलं प्रकरण फक्त ऐकण्याबद्दल आहे, आणि 'नाव काय म्हणालात?' हे दुसऱ्यांदा विचारण्यात कमीपणा नाही हे त्यात पुरेशा वेळा सांगितलं आहे. लगेच विचारलं तर समोरच्याला बरं वाटतं. तिसऱ्या भेटीत विचारलं तर वाटत नाही.

दुसरं प्रकरण स्मरणाच्या अंतराचं. लॅन्डॉअर आणि ब्यॉर्क यांनी १९७८ मध्ये नावांवरच प्रयोग करून दाखवलं की नाव घोकत बसण्यापेक्षा ते मनातून बाहेर काढण्याचा प्रयत्न, दर वेळी थोडं अंतर वाढवत केला, तर जास्त टिकतं. अर्ध्या मिनिटाने एकदा, दोन-तीन मिनिटांनी, निरोप घेताना, रात्री झोपण्यापूर्वी, दुसऱ्या दिवशी सकाळी. यात अवघड काही नाही; फक्त करावं लागतं. संध्याकाळी दुकान बंद करताना दिवसभराची उधारी डोळ्यांसमोर आणणारा दुकानदार नकळत हेच करत असतो.

चित्रं रंगवण्याच्या युक्तीवर मी एकच छोटं प्रकरण दिलं आहे आणि वाचकांनी त्यावर फार विसंबू नये. वाघमारे भेटले की वाघ आणि बंदूक डोळ्यांपुढे आणा, असं ती पद्धत सांगते. वाघमाऱ्यांच्या बाबतीत ती चालते. अनिरुद्ध, सुनेत्रा, प्रज्ञेश यांची चित्रं कशी काढायची? शिवाय मराठीतली कितीतरी आडनावं धंद्यांवरून पडलेली आणि त्या धंद्याशी आज संबंध नसलेली. सुतार नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांच्या हातात करवत देऊन चित्र रंगवलं तर दवाखान्यात जाताना पाय लटपटतील. सिमोनिडीस या ग्रीक कवीची गोष्टही दिली आहे: छत कोसळून ओळखू न येण्याइतके चेंगरलेले पाहुणे त्याने कोण कुठे बसलं होतं ते आठवून ओळखले म्हणे. मला ती युक्तीपेक्षा पुरावा म्हणून महत्त्वाची वाटते. जागा लक्षात असली तर माणूस सापडतो. जेवणाच्या पंगतीत, मीटिंगमध्ये कोण कुठे बसलं होतं याची मनात उजळणी करून पाहा.

मोबाइलबद्दल वेगळं प्रकरण घातलेलं नाही. आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये 'रमेश प्लंबर', 'गॅसवाला नवा', 'सोहमची आई' अशी नावं आहेतच. सोहमच्या आईला स्वतःचं नाव आहे आणि ते एकदा विचारून फोनमध्ये घालायला अर्धं मिनिट लागतं, एवढीच माझी सूचना. नवऱ्याचं नाव न घेण्याच्या जुन्या रिवाजाने बायकांना निदान उखाणा तरी दिला होता. आज बाईचं नावच गाळण्याच्या रिवाजाला काही उखाणा नाही.

साठीच्या पुढच्या वाचकांसाठी दोन ओळी. नावं अडखळणं हे वयाबरोबर बहुतेकांच्या वाट्याला येतं. माणूस कोण हे ठाऊक असतं आणि नाव जिभेच्या टोकावर अडतं. त्याने लगेच धसका घेऊ नये. ओळखीचा माणूस कोण हेच कळेनासं झालं, रोजच्या वाटा चुकू लागल्या, तर मात्र पुस्तक मिटून डॉक्टरांकडे जावं.

शेवटचं प्रकरण ज्यांना चेहरेच ओळखता येत नाहीत त्यांच्यासाठी आहे, आणि मला ते सर्वांत आधी वाचलं जावं असं वाटतं. जर्मन डॉक्टर योआखिम बोडामर यांनी १९४७ मध्ये मेंदूला इजा झालेल्या रुग्णांत ही अवस्था नोंदवून तिला प्रोसोपॅग्नोसिया हे नाव दिलं. नंतर लक्षात आलं की काही जण जन्मापासूनच असे असतात, आणि अशांची संख्या शंभरात दोनच्या आसपास असावी असा अंदाज आहे. प्रसिद्ध डॉक्टर-लेखक ऑलिव्हर सॅक्स त्यांतलेच एक होते. अशी माणसं आवाज, चाल, केसांचा भांग, चष्म्याची दांडी यांवरून ओळख पटवतात, आणि भांग बदलला की घरच्या माणसालाही चुकतात. गावात त्यांना गर्विष्ठ म्हणतात. ओळख देत नाही, शिष्ट आहे, असं बोललं जातं. त्या प्रकरणात त्यांना जी साधनं सांगितली आहेत ती शिंप्याच्या वहीतलीच आहेत: खांदा, उभं राहण्याची ढब, हाताची सवय. उरलेल्या आपल्यासाठी तिथे एकच विनंती आहे. भेटल्यावर "ओळखलंत का?" असं विचारून समोरच्याची परीक्षा घेऊ नये. आपलं नाव आपणच आधी सांगावं, कुठे भेटलो होतो तेही सांगावं, आणि मग कामाचं बोलावं.